परागास मज्जाव

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा मी बोलायला लागलो की मध्ये थांबत नाही, आणि नेमका तुमच्या तोंडात चहाचा घोट असला की ठसका लागणार, मग आमची ही मला बोलणार. कप ठेवा खाली. ठेवलात? आता ऐका. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वळणदार अक्षरात, खडूने लिहून मी स्वतःच्या मुलीचं लग्न मोडत आणलं होतं. दुसऱ्या कुणाचा काही दोष नाही त्यात. होता तर मी आनंदाने सांगितला असता.

नवीन मंडळी बसलीत म्हणून आधी माझी ओळख देतो. धुळ्यात देवपुरात राहतो, हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झालो. गल्ली मला सर म्हणते, घरात मी नाना. शुद्ध मराठीच्या बाबतीत मी सख्ख्या भावालाही सोडलेलं नाही. त्याच्या लग्नपत्रिकेत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका निघाल्या तेव्हा मी त्या सगळ्या पत्रिका छापखान्यात परत पाठवल्या, आणि निम्मे पाहुणे लग्न झाल्यावर आले. तो अजून ते बोलून दाखवतो. दुकानांच्या पाट्या मी वाचत नाही, तपासतो.

तर मला एक दुखणं होतं. गणपतीचं विसर्जन झालं की माझं नाक सुरू व्हायचं. शिंका म्हणजे साध्या शिंका नव्हेत. एक आली की तिच्यामागून तिचं सगळं खानदान यायचं. डोळे लाल, नाक लाल, आणि टाळूला आतून खाज. पाठ खाजवायला माणूस कुणाला तरी सांगू शकतो, टाळूचं काय करणार? दिवाळीचा फराळ संपेपर्यंत हा खेळ चालायचा.

त्यात शिंकेचं आपल्याकडे कसं आहे, माहीत आहे ना? समोरचे अण्णा सकाळी स्कूटर बाहेर काढायचे, माझी शिंक ऐकायचे आणि स्कूटर परत आत घ्यायचे. घोटभर पाणी पिऊन पुन्हा निघायचे, मी पुन्हा शिंकायचो. एक दिवस दारात येऊन हात जोडले त्यांनी. म्हणाले, "सर, आज कोर्टात तारीख आहे हो. मला एवढी गल्ली ओलांडू द्या, मग काय शिंकायचं ते शिंका."

उपाय काय कमी केले? ओव्याची पुरचुंडी हुंगली, हळदीचं दूध प्यालो, कपाळावर सुंठ उगाळून लावली आणि दिवसभर साधूसारखा हिंडलो. ढिम्म फरक नाही. मी आपला हायवेच्या धुळीला शिव्या घालत होतो. गावाचंच नाव धुळे, दाद मागणार कुणाकडे?

आता ऋतुजाचं सांगतो. आमची एकुलती एक. बँकेत आहे, आणि रागाच्या बाबतीत थेट माझ्यावर गेली आहे. स्थळं येत होती, ही नाकारत होती. एक फार बोलतो, दुसरा बोलतच नाही. एका मुलाच्या आईने तिला म्हटलं, जरा चालून दाखव. ऋतुजा म्हणाली, "आधी तुम्ही दाखवा, मग मी." ते लोक पोहे टाकून उठले. आमच्या हिने देव पाण्यात घालून ठेवले होते.

शेवटी सुकलाल आबांनी एक स्थळ आणलं. आबा म्हणजे माझ्या सासऱ्यांचे जुने स्नेही, नरडाण्याच्या बाजूचे, सोयरिकी जुळवण्यात हयात गेलेला माणूस. मुलगा त्यांच्याच गावचा. वडील हिरामणभाऊ, कापूस आणि मक्याची शेती. मुलगा इंजिनिअर, भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. नाव पराग.

दोघं गच्चीवर जाऊन बोलले. ऋतुजा खाली आली आणि म्हणाली, "नाना, चालेल मला." आमच्या ऋतुजाचं चालेल म्हणजे सनई-चौघडाच समजा. आमची ही तर देवघरात जाऊन रडून आली. लगेच शाल-नारळ झाला आणि दसऱ्याला साखरपुडा ठरला.

मुलगा तरी कसा! शनिवारी भुसावळहून गाडीने नरडाण्याला उतरायचा, रविवारी सकाळी वडिलांबरोबर मक्याच्या शेतात राबायचा आणि तसाच मोटारसायकलवर आमच्याकडे यायचा. हातात कोवळ्या कणसांची पिशवी. माझ्या पाया पडायला वाकायचा, मी आशीर्वाद द्यायला तोंड उघडायचो आणि आशीर्वादाच्या जागी शिंक बाहेर पडायची. डोळ्यांतून पाणी, नाकाला रुमाल. बिचारा कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसायचा.

ही मला स्वयंपाकघरात ओढून म्हणायची, "मुलगा पसंत नाही का हो तुम्हाला? तो आला की तोंड फिरवून बसता."

"अगं, त्याच्या अंगावर शिंकू नये म्हणून फिरवतो."

"तसं दिसत नाही ते. राग आल्यासारखं दिसतं."

"माझा चेहराच तसा आहे. तू बघूनच केलंस ना लग्न?"

पण ऋतुजाने ते मनावर घेतलं. म्हणाली, "नाना, माझ्या साखरपुड्यात शिंकलात ना, तर बघा." आणि तिनेच जळगावच्या एका ॲलर्जीच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर म्हणजे तरुण बाई होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या. त्यांनी माझ्या हातावर ओळीने औषधांचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबात सुई टोचली. म्हणाल्या, "खाजवायचं नाही." पोरांना इतकी वर्षं हात वर करून उभं केलं, त्या दिवशी मी हात पुढे करून बसलो. थोड्या वेळाने दोन ठिकाणी डास चावल्यासारख्या टम्म गांधी उठल्या.

"काका, हे गाजरगवत आणि हा मका. तुम्हाला यांच्या पोलनची ॲलर्जी आहे."

"म्हणजे सर्दी नाही?"

"सर्दी नाही, जंतू नाहीत. फुलोऱ्यातली साधी धूळ असते ती, बाकीच्यांना काही करत नाही. तुमच्या शरीराला मात्र ती शत्रू वाटते आणि ते तिला हाकलायला बघतं. गैरसमज होतो शरीराचा."

"पोलनला मराठीत काय म्हणाल?"

"परागकण."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. कुठलाही शहाणा माणूस बसला असता. पण मी म्हणालो, "डॉक्टर, पराग म्हणजेच फुलातली धूळ. तिला पुन्हा कण कशाला चिकटवायचा? पिवळा पीतांबर म्हणतो का आपण? नुसतं पराग म्हणा."

बाहेर पेशंट खोळंबले होते. त्या म्हणाल्या, "बरं, पराग."

मग त्यांनी सगळं नीट समजावलं. गवत आणि मका फुलोऱ्यात असतात तेवढाच त्रासाचा हंगाम. सकाळच्या वेळी आणि वारा सुटला की खिडक्या लावायच्या. बाहेर पडताना मास्क आणि डोळ्यांना चष्मा. घरी आलं की आधी कपडे बदलायचे, हातपाय-तोंड धुवायचं. धुतलेले कपडे अंगणात वाळत घालायचे नाहीत, सगळं त्यांच्यावर येऊन बसतं. पाणी उकळून कोमट करायचं, त्यात मीठ घालून नाक धुवायचं. नाकात मारायचा एक फवारा दिला आणि बजावलं, "शिंक आल्यावर नाही, रोज मारायचा. गुण यायला थोडे दिवस लागतात. पुढच्या वर्षी हंगामाच्या आधीच सुरू करा. आणि छातीत घरघर झाली, दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा."

काय सांगू, बाहेर पडलो तो छाती फुगवूनच. शत्रूचं नाव कळलं होतं. निम्मं आयुष्य मी ज्याच्याशी अंधारात लढत होतो तो गडी सापडला होता, आणि त्याचं नाव पराग.

एस.टी. पारोळ्याच्या पुढे आली आणि फोन वाजला. सुकलाल आबा. आबा अहिराणीत बोलतात, मोठ्याने बोलतात आणि ऐकतात मात्र निम्मं.

"सर, कोठे शेतस?"

"जळगावहून येतोय आबा. डॉक्टरांकडे गेलो होतो. मला कशाचा त्रास होतो त्याचा आज उलगडा झाला."

"कशाना तरास?"

"परागाचा."

मला वाटलं, ऐकू गेलं नाही. म्हणून वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जाईल असा आवाज लावला. सगळी एस.टी. वळून बघायला लागली.

"पराग, आबा, पराग! सहन होत नाही मला तो. डॉक्टरांनी तपासून सांगितलंय."

"डाक्टरनी आसं सांगं?"

"स्पष्ट सांगितलं. परागाच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. पराग घरात येऊ द्यायचा नाही, खिडकीतूनसुद्धा."

"खिडकीतून?" आबांचा आवाज कापरा झाला. "आन मंग साखरपुडा?"

"साखरपुड्याला बसेन की. पण तोंड बांधून बसेन."

"पोऱ्या सोनानागत शे हो सर."

एवढं ऐकलं आणि रेंज गेली. आबा सोन्यासारखं कुणाला म्हणाले याचा मी विचारसुद्धा केला नाही. तुम्ही म्हणाल, सर, इतकी साधी गोष्ट तुमच्या डोक्यात कशी आली नाही? नाही आली. कारण त्या मुलाला मी पहिल्या दिवसापासून जावईबापू म्हणत होतो. माझ्या लेखी पराग एकच होता, मक्यातला.

घरी आलो आणि कामाला लागलो. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी मारली. अंगणातली वाळत घालायची दोरी काढून टाकली, त्यावरून हिच्याशी भांडलो. नाक धुताना पहिल्यांदा सगळं पाणी कानात गेलं, तेही जमवलं. आणि शेवटी माळ्यावरून शाळेतला जुना फळा काढला, पुसला आणि त्यावर रंगीत खडूने लिहिलं: "या घरात परागास सक्त मज्जाव आहे. आज्ञेवरून."

फळा फाटकाला टांगला. अक्षर असं उतरलं होतं की मीच रस्त्याच्या पलीकडे जाऊन दोनदा बघून आलो.

ही पदराला हात पुसत बाहेर आली. वाचलं. म्हणाली, "अहो, परागकण लिहा. जावयाचं नाव आहे ते, बरं दिसत नाही."

"जावयाला कोण मज्जाव करेल? सुजाण माणूस संदर्भाने अर्थ घेतो."

"आणि सुजाण नसला तर?"

"तर त्याने मराठी शिकावं."

ऋतुजाचं म्हणाल तर ती माझे फळे वाचतच नाही. दर आठवड्याला नवा असतो ना. वाहने लावू नयेत, फुले तोडू नयेत, बेल एकदाच वाजवावी. ती मान खाली घालून स्कूटी काढते आणि निघून जाते.

इकडे मी फवारा मारतोय, नाक धुतोय, मजेत आहे. तिकडे ऋतुजाचं तोंड उतरलेलं. जेवताना फोन उपडा करून ठेवायची. विचारलं तर म्हणाली, "पराग नीट बोलत नाहीये. हो, नाही, बरं, एवढंच. त्याला नको असेल तर स्पष्ट सांगावं ना. मी नाही फोन करणार आता." आणि ताट सारून उठली. रविवार आला आणि जावईबापू आलेच नाहीत. आमची ही देवाला नवस बोलली. मी म्हणालो, नोकरीचा माणूस आहे, असेल काही काम.

दसरा तोंडावर आला होता. त्या दिवशी घरी आम्ही तिघंही होतो. वारा सुटला होता म्हणून मी बाहेर जायच्या तयारीत, म्हणजे तोंडाला मास्क, डोळ्यांवर ऋतुजाचा काळा गॉगल, डोक्याला टॉवेल. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. खिडकीची चिकटपट्टी जरा उचकटून बघितलं तर फाटकाबाहेर एक पिकअप. मागे हिरव्या मक्याचा चारा लादलेला, तुऱ्यांसकट. धुळ्यात हिरामणभाऊंच्या बहिणीकडे म्हशी आहेत, तिच्यासाठी आणला होता तो. अख्खा शत्रू दारात येऊन उभा होता.

फाटक वाजलं.

"कोण आहे?"

"मी, पराग."

आवाज ओळखला मी. पण डोळ्यांसमोर ते तुरे. आतूनच ओरडलो, "तिथेच थांबा! फाटकाच्या आत यायचं नाही. आधी अंग झटका चांगलं. शर्ट काढून बाहेरच ठेवलात तर उत्तम."

मग हिरामणभाऊंचा आवाज आला. शांत माणूस, आवाज कधी चढवायचा नाही, त्या दिवशीही चढवला नाही. त्याचंच मला वाईट वाटतं.

"सर, पोरगी द्यायची नव्हती तर एक फोन करायचा. दारावर पाटी लावून माझ्या पोराची अब्रू कशाला काढली?"

मी दार उघडलं. बाहेर हिरामणभाऊ, सुकलाल आबा आणि पराग. हिरामणभाऊंच्या हातात पिशवी, पिशवीत आमचीच शाल आणि आमचाच नारळ. परत द्यायला आणला होता. आणि त्यांच्यासमोर मी, गॉगल आणि टॉवेल बांधून, एखाद्या दरोडेखोरासारखा.

"कसली पाटी? कुणी काढली अब्रू?" मी उलट तडकलो. "माझ्या जावयाबद्दल मी अवाक्षर बोललो असेन तर दाखवा."

आबांनी काठीने फळ्याकडे दाखवलं. "मंग हाई काय शे?"

परागचा चेहरा बघवत नव्हता. तो म्हणाला, "सर, माझं काही चुकलं असेल तर सांगा. मी आलो की तुम्ही तोंड फिरवता, हे पहिल्या दिवसापासून बघतोय मी. ऋतुजाला विचारायची हिंमत झाली नाही. आबा म्हणाले, तुम्हाला माझ्यामुळे डॉक्टरकडे जावं लागलं."

ऋतुजा माझ्यामागून बाहेर आली. फाटकाजवळ गेली. तिने आयुष्यात पहिल्यांदा माझा फळा पूर्ण वाचला. वाचून झाल्यावर कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याकडे वळली.

"कण, नाना. कण कुठे गेला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एस.टी.तलं एकेक वाक्य आठवायला लागलं, खिडकीतूनसुद्धा येऊ द्यायचा नाही, तोंड बांधून बसेन. मी फाटकापाशी गेलो आणि एका दमात सगळं सांगितलं. फुलातली धूळ, ॲलर्जी, जळगावच्या डॉक्टर, गैरसमज.

आबांनी मान हलवली. "माणूसना नावना आजार राहस का कोठे?"

"आबा, आजाराचं नाव नाही ते. पराग म्हणजे फुलातली धूळ."

हे ऐकून हिरामणभाऊ आणखी दुखावले. "धूळ? माझ्या पोराचं नाव धूळ? शाळेतल्या मास्तरांनी सुचवलं होतं ते. मला वाटलं पराक्रम वगैरे काही असेल."

झालं. आगीतून फुफाट्यात. माझ्याच जातीच्या कुणा मास्तराने हेही करून ठेवलं होतं. ऋतुजा ओठ दाबून उभी होती, डोळे भरलेले, आणि पिशवी अजून हिरामणभाऊंच्या हातात. आता बोललो नाही तर गेलंच सगळं.

"भाऊ, तुमच्या मक्याच्या तुऱ्यातून पिवळा भुगा उडतो ना?"

"उडतो."

"तो कणसाच्या केसांवर पडलाच नाही तर?"

"तर दाणा भरत नाही. कणीस बोडकं राहतं."

"तो भुगा म्हणजे पराग. तो नसला तर तुमच्या शेतात एक दाणा पिकायचा नाही."

हिरामणभाऊंनी पिकअपमधल्या तुऱ्यांकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. चेहरा जरा सैलावला. "मग नाव काही वाईट नाही," ते म्हणाले.

पण आबा ऐकायला तयार नाहीत. "त्या भुगाना तुमले इतला तरास? मले पटत नई. बठ्ठा गाव मक्यामा राबस, कोणले काही व्हत नई."

मग मी काय केलं असेल? गॉगल काढला, टॉवेल फेकला, मास्क उतरवला. थेट पिकअपपाशी गेलो, चाऱ्यातला चांगला भरलेला तुरा ओढून काढला आणि डॉक्टरीणबाईंची मनोमन माफी मागून त्यात नाक खुपसलं. जोरात श्वास घेतला आणि वाट बघितली.

काही नाही. एक शिंक येईल तर शपथ. आयुष्यभर नको तेव्हा आल्या, आणि पोरीच्या लग्नाचा प्रश्न असताना एक येईना. त्या फवाऱ्याला नेमका त्याच दिवशी गुण आला होता.

"देखा," आबा म्हणाले, "काहीच नई."

मग मात्र माझं डोकं फिरलं. दुसरा तुरा घेतला, दोन्ही हातांनी तोंडावर झाडला. पिवळी धूळ उडाली, केसांत गेली, मिशीत गेली. आणि आली. अशी आली की पिकअपवर बसलेला कावळा उडाला. पहिलीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी. समोर अण्णांची स्कूटर निघाली होती, ती मागच्या मागे आत गेली. मी फाटक धरून शिंकतोय, डोळ्यांतून धारा लागल्यात आणि मधल्या मधल्या श्वासात ओरडतोय, "हा बघा पराग! हा! पटलं का आता?"

आबा पोट धरून खालीच बसले. हिरामणभाऊ पहिल्यांदाच मोठ्याने हसले आणि शालीची पिशवी आमच्या हिच्या हातात देत म्हणाले, "ठेवा वहिनी आत. दसऱ्याला लागेल." ऋतुजा हसत होती की रडत होती, देव जाणे. आणि पराग? तो पळत पाणी घेऊन आला, मला आत नेऊन बसवलं, स्वतःच्या हाताने खिडक्या लावल्या आणि पिकअप गल्लीच्या बाहेर नेऊन उभी केली. परत आला तो खरोखरच शर्ट झटकून. जाताना ऋतुजाने त्याच्या हातात खडू दिला. त्याने फळ्यावरचं पुसलं आणि लिहिलं, परागकणांस मज्जाव. मी बघितलं, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

दसऱ्याला साखरपुडा झाला. मी पहिल्या रांगेत, मास्क न लावता. ओटी भरेपर्यंत, अंगठ्या होईपर्यंत, फोटो निघेपर्यंत एक शिंक नाही. हिरामणभाऊंच्या घरची मंडळी सकाळी शेतात न जाता, धुतलेले कपडे घालून आली होती, खास माझ्यासाठी. गल्लीत तर मी आता जाणकार झालोय. कुणाचं नाक वाहिलं की माझ्याकडे पाठवतात. मी विचारतो, बारा महिने वाहतं की हंगामात? हंगामात असेल तर आधी डॉक्टर गाठ म्हणतो, मग मिठाचं पाणी शिकवतो. अण्णा वेळेवर कोर्टात पोहोचतात. जिंकलो म्हणा ना मी.

लग्न वैशाखात झालं, धुळ्यातच. रान कोरडं ठणठणीत, गवताची काडी नाही, मक्याचा पत्ता नाही. माझं नाक एकदम स्वच्छ. पाठवणीच्या वेळी बायका रडायला लागल्या, आमची ही तर आधीपासूनच. मी मनाशी ठरवलं होतं, आपण सर आहोत, आपण रडायचं नाही. ऋतुजा गळ्यात पडली तेव्हाही दात आवळून धरले. मग जावईबापू पाया पडायला वाकले. मी त्यांना उठवून छातीशी धरलं आणि काय झालं कळलं नाही, माझा बांधच फुटला. हमसून हमसून रडलो. नाक वाहतंय, डोळे लाल, तोंडातून शब्द फुटत नाही. पोरगी चालली होती हो माझी. घर ओस पडणार होतं.

मांडवात एकाला तरी कळावं? कुणीतरी म्हणालं, सरांचं सुरू झालं बघा. एकाने पंखा बंद केला. दुसऱ्याने हारांची टोपली उचलून बाहेर नेली. अण्णांनी नवा कोरा मास्क पुढे केला. आणि माझी लाडकी लेक, हुंदके देता देता, मला विचारते, "नाना, सकाळी फवारा मारला नव्हता का?"

"अरे, रडतोय मी," मी कसाबसा म्हणालो. "खरं रडतोय. वैशाखात कुठून येणार पराग?"

सुकलाल आबांनी माझ्या मिठीतल्या नवरदेवाकडे काठीने दाखवलं. "हाऊ काय, हाऊ शे ना."

त्यावर हिरामणभाऊंनी अगदी मायेने जावईबापूंना माझ्या मिठीतून सोडवलं आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं.